पोच आली का?

पहाटे ५.४०

जानेवारी ते मार्च हे तुरीचे दिवस. या दिवसांत सकाळची सुरुवात धुळ्याच्या फोनने होते. आमची डाळ मिल जळगावच्या एमआयडीसीत आहे. खरेदी पाहणारे आप्पा धुळ्यात राहतात आणि धुळे, शिरपूर, दोंडाईचा या बाजार समित्यांमधून तूर घेतात. संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे निघते आणि पारोळा, एरंडोल करत नव्वद-पंचाण्णव किलोमीटर येते.

"ताई, गाडी निघाली." एवढं सांगून फोन ठेवला तरी काम झालं असं कुणालाही वाटेल. आप्पा ठेवत नाहीत. गाडीचा नंबर, कट्टे किती, ओलाव्याचा आकडा आणि माल लाल की पांढरा, हे चार तपशील ते देतात आणि मी ते त्यांना परत वाचून दाखवते. आकडे सुटे बोलायचे असं ठरलं आहे. चालू इंजिनाशेजारी उभं राहून बोललं की 'सत्तर' आणि 'सतरा', 'साठ' आणि 'सात' यांत फरक उरत नाही. म्हणून सात-शून्य, एक-सात.

आज त्यांनी पाचवी गोष्टही सांगितली. धुळ्यावर आभाळ आहे.

सकाळी ७.२०

रात्रपाळी सुटायला दहा मिनिटं आहेत आणि दिवसपाळी फाटकातून आत येते आहे. माझ्या मते कारखान्यातली सर्वांत महाग दहा मिनिटं हीच.

बाहेरच्याला वाटतं, डाळ मिल म्हणजे एका बाजूने तूर ओतायची आणि दुसऱ्या बाजूने डाळ भरून घ्यायची. तुरीचं टरफल इतकं सहज सुटत नाही. आधी चाळणी आणि खडे काढणं. मग एमरीच्या रोलरवर दाण्याला चरे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा आणि माल रात्रभर ढिगात मुरू द्यायचा. मग ऊन. मग पाणी मारून पुन्हा ढीग, पुन्हा ऊन, पुन्हा रोलर. एका फेरीत सगळा दाणा सुटत नाही. जो राहतो तो परत फिरतो. चांगलं ऊन असलं तरी एक लॉट चार-पाच दिवस आमच्या आवारात मुक्कामाला असतो आणि तेवढ्या वेळात कितीतरी पाळ्यांच्या हातांखालून जातो. क्विंटलमागे डाळ पडते साधारण ७० ते ७५ किलो. बाकी चुनी, खंडा आणि भुसा. पाणी एक हात जास्त झालं की खंडा वाढतो, कमी झालं की टरफल चिकटून राहतं. आणि ढिगाकडे नुसतं पाहून हे कळत नाही की पाणी एकदा मारलंय की दोनदा.

म्हणजे मालाचा सगळा इतिहास माणसांच्या डोक्यात, आणि डोकी साडेसातला घरी निघालेली.

म्हणून प्रत्येक ढिगाशी पत्र्याची पाटी असते. लॉट नंबर, तूर कुठली (शिरपूरची लाल, दोंडाईचाची पांढरी, कधी मुंबई बंदरातून आलेली ब्रह्मदेशची लेमन), तेल कधी, पाणी कितव्यांदा, ऊन किती दिवस. शेवटचा हात कुणाचा तेही. पाळीची बदली कार्यालयात बसून होत नाही, ढिगापाशी उभं राहून होते. रात्रीचे मिस्त्री नाना आणि दिवसाचा मिस्त्री ढिगामागून ढीग फिरतात. नाना सांगतात आणि दिवसाचा मिस्त्री तेच उलट सांगतो. नंतर तो स्वतः ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि आतल्या मालाची ऊब कशी आहे ते बोलतो. त्याने ऊब सांगितल्याशिवाय नाना पुढच्या ढिगाकडे हलत नाहीत.

ही रीत नानांची, आणि त्यांना ती वडिलांकडून मिळाली. वडील भुसावळ विभागात रेल्वेचे गेटमन होते. स्टेशन मास्तर फोनवर गाडीचा नंबर सांगणार आणि गेटमन फाटक बंद करणार. बंद झालं की गेटमन आपल्याजवळच्या छापील कागदावरचा पुढचा गुप्त अंक सांगतो. मास्तर तो वहीत लिहितो आणि त्याच्यानंतरच गाडी सुटते. रेल्वेत त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. नुसतं "हो, बंद केलं" चालत नाही. हो म्हणायला काही लागत नाही, झोपेतही म्हणता येतं. फाटकावरच्या माणसापाशीच असलेलं काहीतरी उलट यावं लागतं, तेव्हा निरोप पोचला असं धरायचं.

लहान कारखान्यातल्या बोलण्याबद्दल मला जे काही कळलं आहे ते जवळजवळ सगळं या एका रीतीत आहे. आमच्याकडे सांगणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. शेठ सांगतात, मी सांगते, मिस्त्री सांगतात, मुनीमजी सांगतात. उलट काय आलं, हे विचारणारं कुणी नव्हतं.

सकाळी ८.००

फाटकाच्या आतल्या भिंतीवर काळा फळा. आज कुठला लॉट कुठे, कुठली ऑर्डर भरायची, कोण रजेवर, आणि आज मोठ्या अक्षरांत: धुळ्यावर आभाळ, दुपारी वाळवणीवर लक्ष.

भाषेचा प्रश्न इथे रोजचा आहे. नाना अमळनेरकडचे, अहिराणी बोलतात. रोलरवरचा मिस्त्री यावलकडचा, त्याच्या तोंडी लेवा बोली. भराईची पोरं सातपुड्यापलीकडची, मध्य प्रदेशातली, ती हिंदीत बोलतात. शेठच्या घरात मारवाडी. १९४८ च्या कारखाना कायद्याने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, प्रवेशाजवळ ठळक जागी लावायला सांगितलं. तो विचार शहाणपणाचा होता. पण बहुसंख्यांत न बसणारी सहा-सात माणसंही त्याच पट्ट्याजवळ हात घालतात. म्हणून धोक्याच्या आणि लॉटच्या खुणा आम्ही चित्रांनी केल्या: थेंब म्हणजे पाणी, सूर्य म्हणजे ऊन, आडवी रेघ म्हणजे हात लावू नका. रोलर सुरू झाले की कुठलीच भाषा ऐकू येत नाही. तेव्हा हाताच्या खुणा, आणि घंटी.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात कामाबाहेरच्या दोन ओळी असतात. कुणाची मुलगी बारावीच्या परीक्षेला बसली आहे, कुणाच्या गावची जत्रा आहे. नुसत्या हुकमांचा फळा माणसं पहिल्या आठवड्यात वाचतात, नंतर तो भिंत होतो. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. शिक्षकाची नोकरी सांभाळून, रोज. मुलं ते वाचत, कारण त्यात त्यांचं स्वतःचं जग होतं. खानदेशात हे शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे आणि त्याला लागलं काय, तर कागद, दौत आणि जिव्हाळा. मला तो माणूस फळा लिहिताना हटकून आठवतो.

सकाळी ८.३०

मोबाईलवरच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. कामाचा ग्रुप वेगळा आहे. त्यावर सुप्रभात, देवांचे फोटो, वाढदिवस काही नाही. त्यासाठी दुसरा ग्रुप आहे आणि तो जोरात चालतो. कामाच्या ग्रुपवर फोटो आणि आकडे टाकायचे. निळ्या खुणांना आम्ही पोच मानत नाही. आणि निवडणीवरच्या निम्म्या बायकांचा फोन दिवसा घरी मुलाकडे असतो, त्यामुळे जे फक्त ग्रुपवर गेलं ते त्यांच्यासाठी गेलेलंच नाही.

सकाळी १०.१०

गाडी आली. हमालांच्या टोळीचे मुकादम आबा कट्टे मोजतात, मी चिठ्ठीशी ताडून पाहते. कट्टे बरोबर. ओलावा आप्पांनी सांगितल्यापेक्षा एका टक्क्याने जास्त. वरच्या थराचे कट्टे कोरडे आहेत, तळाचे दमट.

लगेच आप्पांना फोन. भांडायला नाही. आपल्या आकड्याचं पुढे काय झालं हे त्यांना आजच कळलं पाहिजे, कारण दुपारी ते पुन्हा लिलावात उभे राहणार. खरेदी करणाऱ्याला महिन्याच्या शेवटी हिशेबात दोष दाखवला तर तो फक्त दुखावतो. आज सांगितलं तर उद्या तळाच्या कट्ट्यात बंबू घालून नमुना काढतो. आप्पा म्हणाले, "मी तिन्ही थरांचा काढतो आता." आणि तो तळाचा माल वेगळ्या पाटीखाली गेला.

दुपारी १२.५०

डबे उघडतात. कळण्याची भाकरी, ठेचा, कुणाकडे शेवेची भाजी. थंडी सरली तरी एखाद्या डब्यात अजून भरीत असतं, आणि ते वाटूनच खायचं असतं. मी निवडणीवरच्या बायकांबरोबर बसते. ठरवून बसते, कारण मिलमधली सर्वांत मोलाची माहिती इथे असते.

सॉर्टेक्स यंत्र रंग ओळखून डाग असलेला दाणा उडवतं. पण शेवटी डाळ मावशींच्या हाताखालून जाते. टरफल चिकटलेले दाणे वाढले, कडा तुटायला लागल्या, रंग मळका दिसायला लागला, हे सगळ्यांत आधी त्यांना दिसतं. प्रयोगशाळेला नाही, शेठना नाही, मलाही नाही. आणि पुष्कळ मिलमध्ये ही माहिती तिथेच विझते. मावशी शेजारणीला म्हणते, "आज माल बरा नाही." शेजारीण म्हणते, "आपल्याला काय करायचं?" रोलर तीस-चाळीस पावलांवर आहे, पण मधे मुकादम, मिस्त्री, मॅनेजर आणि शेठ अशी सगळी उतरंड उभी असते.

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत गाड्या जुळवणाऱ्या रांगेवर डोक्यावरून एक दोरी जायची. दोष दिसला की कुठलाही कामगार ती ओढायचा, मदत यायची आणि वेळेत सुटलं नाही तर रांग थांबायची. त्या कंपनीचं मूळ मागात आहे. साकिची टोयोडांचा माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा. मागाला जमलं ते माणसाला करू द्यावं, एवढा साधा विचार. आमच्या निवडणीच्या टेबलाशी घंटीचं बटण आहे. दोनदा वाजली की रोलरचा मिस्त्री भरणी थांबवतो आणि स्वतः चालत टेबलापाशी येतो. मावशी त्याच्या तळहातावर दाणे ठेवते.

बटण बसवायला एक दुपार पुरली. ते दाबायला मावशींना कितीतरी महिने लागले. पहिल्यांदा दाबलं तेव्हा मालात दोष निघाला नाही. मिस्त्री काय म्हणतो याकडे सगळ्या बायका पाहत होत्या. तो म्हणाला, "बरं केलं अक्का, पुन्हा वाटलं तर पुन्हा दाबा." त्या एका वाक्याने जे साधलं ते कुठल्याही सभेने साधलं नसतं. घंटी खोटी ठरली म्हणून कुणी एकदा जरी हसलं असतं, तर ते बटण आज गंजलेलं असतं.

आज जेवताना विषय वेगळा निघाला. बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी चार दिवस तुटलेली आहे. सांगितलं होतं का? हो, मुकादमांना. त्यांनी? मुनीमजींना. मुनीमजींनी सुताराला फोन केला होता. सगळ्यांनी सांगितलं होतं आणि कडी तुटलेलीच होती. शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे मालक-कामगारांची समिती नेमायला लावण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. आमच्यासारख्या साठ-सत्तर माणसांच्या मिलला तसं बंधन नव्हतं. बंधन नाही म्हणून गरज नाही असं होत नाही. उलट लहान जागी सगळे रोज एकमेकांना भेटतात, म्हणून बोलणं होतंच असं सगळ्यांना वाटत राहतं, आणि कडी तशीच राहते.

फळ्याच्या डाव्या बाजूला तक्रारींचा रकाना आहे. मी तिथे लिहिलं: कडी, आजची तारीख, कोण करणार, आणि समोरचा चौकोन रिकामा.

दुपारी २.५५

"आभाय भरी उनं, भो!" गच्चीवरून हाक आली. खालून मान वर करून पाहिलं तर पश्चिमेकडून काळं चढत होतं. खानदेशात फेब्रुवारी-मार्चचं हे आभाळ कुणाला नवं नाही. गहू, हरभरा, मका, केळी, कुणाच्या तरी तोंडचा घास ते नेतंच. आमच्याकडे या क्षणी तीन ठिकाणी माल उन्हात पसरलेला आहे: मोठ्या गच्चीवर, मागच्या ओट्यावर आणि गोदामाच्या पलीकडच्या अंगणात. त्यातला गच्चीवरचा लॉट तिसऱ्या उन्हाचा, म्हणजे उद्या रोलरवर जाणारा. तो भिजला तर तीन दिवस वाया, आणि पुन्हा वाळवला तरी डाळीला तो रंग येत नाही.

तीनदा लांब घंटी. हे सगळ्यांना माहीत आहे: रोलरवर दोन माणसं ठेवायची, बाकी सगळे वाळवणीवर. कोण कुठे धावायचं ते फळ्यावर सकाळीच लिहिलेलं. कार्यालयातला मुलगाही धावतो. मी फोन घेऊन मध्यावर उभी राहते, कारण या वेळी सगळे धावले आणि कुणीच मोजलं नाही तर एक जागा हमखास राहते.

"गच्ची?"

"झाकलं, ताई."

"ताडपत्र्या किती लागल्या?"

"अकरा. एक फाटकी आहे, तिच्यावर दुसरी टाकली."

ही पोच. फाटक्या ताडपत्रीचं जो बोलतो तो तिथे उभा आहे.

"मागचा ओटा?"

"सात. कडेला कट्टे ठेवले दाबायला."

"अंगण?"

"हो हो, झालं."

"किती?"

थोडा वेळ काही नाही. मग, "बघून सांगतो." तो बघायला गेला तेव्हा अंगणातल्या ढिगाची एक बाजू उघडी होती. गच्चीवरची माणसं तिकडे वळली. सव्वातीनला थेंब आले, टपोरे, पत्र्यावर वाजणारे. पंधरा-वीस मिनिटं पडला आणि भुसावळकडे सरकला.

त्या मुलाला मी काही बोलले नाही. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. समोरच्या माणसाने "झालं" म्हटलं ते त्याने पुढे दिलं होतं. धावपळीत अशी "झालं"ची साखळी तयार होते आणि प्रत्येक कडी प्रामाणिक असते. म्हणून आकडा विचारायचा. आणि विचारताना आवाजात संशय येऊ द्यायचा नाही. ते मला सर्वांत अवघड जातं.

दुपारी ४.३०

धाकटे शेठ आले. भावासारखा माणूस. पण चालता चालता सांगायची सवय वडिलांकडून आली आहे. भराईजवळून जाताना पोराला म्हणाले, "ती नाशिकची ऑर्डर तीस किलोत भर, पन्नासमध्ये नको." पोराने मान हलवली, पण हात हलवला नाही. मग थोडं घाबरून, पण स्पष्ट म्हणाला, "भैया, बोर्ड पे लिखवा दो।"

मला त्या पोराचा फार अभिमान वाटला. ठरलेलं असं आहे: चालू ऑर्डरमध्ये बदल फक्त फळ्यावरून होतो. शेठ असोत की मी, तोंडी बदल करायचा नाही, कारण भराई, शिलाई, बारदान आणि बिल या चार जागी तो एकाच वेळी पोचावा लागतो. धाकट्या शेठनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मालकाच्या आवारात मालकाला असं म्हणणं सोपं नाही आणि ते ऐकणंही सोपं नाही. ते फळ्यापाशी गेले, खडू घेतला, लिहिलं, खाली वेळ टाकली. मुनीमजींनी आतून ओरडून विचारलं, "बारदान तीसचं किती शिल्लक आहे ते पाहिलं का?" पाहिलं नव्हतं. निम्म्या ऑर्डरपुरतंच होतं. नाशिकला फोन झाला, निम्मा माल परवा द्यायचं ठरलं. फळ्यापर्यंत बारा पावलं चालल्याने एवढं झालं.

लहान धंद्याचा जीव मालकाच्या चपळाईत असतो, हे मला मान्य आहे. पाच मिनिटांत निर्णय घेता येतो म्हणूनच आम्ही मोठ्यांपुढे टिकतो. फळा ती चपळाई काढून घेत नाही. निर्णय तितक्याच वेळात होतो, फक्त तो चौघांना एकदम कळतो.

संध्याकाळी ६.५०

ताडपत्र्या काढून माल उलथून झाला. अंगणातल्या ढिगाच्या उघड्या बाजूचा पट्टा वेगळा काढून त्याला नवी पाटी लावली: थेंब, आणि खाली वेळ ३.१५. उद्याच्या रोलरमधून तो लॉट वगळला.

सुतार येऊन गेला. मी रकान्यात 'झालं' लिहिणार होते, पण आज दुपारनंतर तो शब्द माझ्याच हातून निघेना. स्वच्छतागृहाकडे गेले, आतून कडी लावली, काढली. कडी लागते, पण वरचा स्क्रू ढिला आहे. रकान्यात तेवढंच लिहिलं आणि शेजारी धाकट्या शेठांची सही घेतली. तक्रारीची पोच वरून खाली यायची असते आणि ती मालकाच्या हातची असली तर बायका ती वाचतात. शेठनी विचारलं, "एवढ्याशा कडीला सही?" मी म्हटलं, "भाऊ, चार दिवस ती एवढीशी वाटली म्हणूनच राहिली."

संध्याकाळी ७.२०

नाना आले. आल्याआल्या फळ्यापाशी, मग ढिगांकडे. दिवसाचा मिस्त्री सांगतो आहे, नाना उलट सांगताहेत. थेंबाच्या पाटीपाशी ते थांबले, ढिगात हात घातला आणि म्हणाले, "आत कोरडं आहे, ताई. वरचा वीतभर थरच गार लागतो. रात्री एकदा उलथतो, पहाटे पुन्हा हात घालून सांगतो."

किती वाजता, मी विचारलं.

"चारला. आणि साडेपाचला, तुमचा धुळ्याचा फोन यायच्या आत."

दोन्ही वेळा मी पाटीवर लिहिल्या आणि खडू नानांच्या हातात दिला.